पट्ट्याचं जाकीट

मास्तरीणबाईंच्या पाठीत जे काही मोडलं ते अस्तराच्या एका गठ्ठ्यापायी. गठ्ठाही काही जड नव्हता. खालच्या फळीवरून ओढायचा आणि वरच्या फळीवर ठेवायचा, एवढंच काम. त्या वाकल्या, गठ्ठा ओढला आणि 'कट्' असा बारीक आवाज आला. मास्तरांनी मशीनवरचा पाय थांबवून सुई तपासली. सुई शाबूत होती, तेव्हा त्यांनी पुन्हा मशीन चालू केलं. आपली बायको फळीला धरून जिथल्या तिथे उभी आहे हे लक्षात यायला एक अख्खी बाही शिवून व्हावी लागली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. दुसरीही बाही होऊ द्या."

या उत्तरात टोमणा किती आणि कळ किती हे ओळखण्याइतका दोघांचा संसार जुना होता. पण मास्तरांना टोमणा चटकन ऐकू यायचा आणि बाकीचं सावकाश.

मग आठ-दहा दिवस घरातल्या घरात दवापाणी झालं. तेल चोळून झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या वहिनींनी छातीठोकपणे सांगितलं, ही उसण आहे, फरशीवर झोपा. फरशीवर झोपणं जमलं, उठणं जमेना. शेवटी वहिनींनाच इस्त्री आहे तशी ठेवून धावत यावं लागलं. एका बाजूने त्या आणि दुसऱ्या बाजूने मास्तर, असं करून बाईंना उभं केलं, तोवर तिकडे कुणाच्या तरी शर्टाची पाठ करपली. त्या दिवसापासून वहिनींनी वैद्यकी सोडली.

रविवारी लेक आली. ती एका प्रवासी कंपनीत लोकांच्या सहलींची आखणी करायची, आणि आईवडील तावडीत सापडले की त्यांचीही तिकिटं काढल्यासारखी व्यवस्था लावायची. आई उभ्याने चहा पितेय आणि बशी फळीवर ठेवलीय, हे तिने दारातूनच पाहिलं. चपला न काढता तिने हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर वयाने लेकीएवढ्याच असतील. टेबलावर प्लॅस्टिकचा पाठीचा कणा उभा होता, खुंटीला टांगलेल्या कोटासारखा. एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "उसण नाही ही. हा मणका बघा. मणके एकावर एक ठोकळ्यांसारखे असतात. वयाने हाडं ठिसूळ झाली की साध्या वाकण्यानेही एखादा चेपतो. मागची बाजू तेवढीच राहिलीय, पुढची बसलीय."

मास्तर पुढे झुकले. "म्हणजे मागून कापड जास्त आणि पुढून कमी पडलं."

"बाबा," लेक म्हणाली.

"नाही, बरोबर आहे त्यांचं," डॉक्टर हसल्या. "तसंच समजा."

मास्तर खुर्चीत ताठ बसले. इथून पुढचं आपल्याला सगळं कळणार, असा त्यांच्या चेहऱ्यावर भाव आला, आणि खरं नुकसान बहुधा त्याच घडीला झालं.

डॉक्टर घाईत नव्हत्या. त्या म्हणाल्या, बहुतेकांचं असलं हाड दोन-तीन महिन्यांत आपलं आपण जुळून येतं, फक्त त्याला तेवढी सवड द्यावी लागते. दुखायचं थांबावं म्हणून गोळ्या, आणि पाठीला बाहेरून आधार म्हणून पट्टा. अंथरुणात पडून राहायचं नाही, त्याने हाडं आणखी पोकळ होतात. रोज थोडं चालायचं. वाकायचं मात्र अजिबात नाही. एवढं करूनही कळ हटली नाही, किंवा मणका आणखी बसला, तर दुसरा मार्ग आहे. पाठीतून जाड सुई मणक्यात घालून हाडांचं सिमेंट भरायचं. काहींना त्याने झटकन आराम पडतो, काहींना फारसा फरक जाणवत नाही. म्हणून त्या ते पहिल्याच फटक्याला करत नाहीत.

"झोपवून करता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पालथं झोपवून. तेवढी जागा बधिर करतो. बहुतेकदा पेशंट जागा असतो."

"मग पट्टा," बाई म्हणाल्या.

लेकीला हसू आलं. "आई, जन्मभर सुई हातात धरलीस तू."

"हातात धरलीय म्हणूनच सांगते. सुई चांगली की वाईट हे टोक कुणाच्या बाजूला आहे त्यावर असतं."

डॉक्टरांनी महिन्याने यायला सांगितलं. तेव्हा फोटो काढू, पट्ट्याने भागत असेल तर उत्तम, नाहीतर सिमेंटचं बोलू. बाहेर पडताना मास्तरीणबाई लेकीचा हात धरून हळूहळू चालत होत्या, आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आता सगळी भिस्त पट्ट्यावर." घाबरल्यावर त्यांचा आवाज चढत नसे, उलट सपाट व्हायचा, धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा. मास्तरांनी तो आवाज फार वर्षांनी ऐकला.

पट्टा दुसऱ्या दिवशी आला. डब्यातून काढल्या काढल्या मास्तरांनी तो उलटा केला, कारण कुठलंही कापड ते आधी उलट्या बाजूनेच बघत. मग एकेक शिवण नखाने खरवडून पाहिली.

इथे मास्तरांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. घराच्या पुढच्या खोलीतलं त्यांचं दुकान चालत होतं ते सरळ माणसांवर नव्हे. सरळ माणूस कुठूनही तयार कपडे घेतो. ज्याचा एक खांदा खाली, ज्याच्या पाठीला पोक, ज्याचं पोट दरवर्षी नवी हद्द गाठतं, असा माणूस तीन रस्ते ओलांडून मास्तरांकडे यायचा. मास्तर आतून कुठे काय भरायचे देव जाणे, पण आरशाने शपथेवर खोटं सांगावं असा कोट अंगावर चढायचा. माणसाने कपड्याला सांभाळायचं नसतं, कपड्याने माणसाला सांभाळून घ्यायचं असतं, असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. आणि आता त्यांच्या बायकोला सांभाळायला आलेल्या वस्तूची शिवण धावदोऱ्यासारखी, कडा करवतीसारख्या, आणि आत पुढे दोन, मागे दोन अशी धातूची चपटी पाती, नुसती खुपसून ठेवलेली.

"हे कुणी शिवलंय?"

"कारखान्यात शिवतात, बाबा," लेक म्हणाली. "आणि त्याला हात लावायचा नाही."

"मी कुठे हात लावतोय?"

लेक गेल्यावर त्यांनी तीन दिवस खरोखरच हात लावला नाही. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. तीन दिवस मास्तरीणबाई पट्टा घालून दुकानातल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या आणि दर पंधरा मिनिटांनी काहीतरी पुटपुटल्या. जरा पुढे झालं की पात्याचं टोक बरगडीखाली खुपायचं, बसल्यावर खालचं टोक मांडीला लागायचं. त्यांचं काम काजांचं. दुकानातलं प्रत्येक काज त्यांच्या हातचं. काज करायचं म्हणजे मान खाली, पाठ गोल आणि डोळे सुतावर. पट्ट्यात ते जमेना.

"अहो, हा पट्टा आहे की सासू?" त्या एकदा म्हणाल्या. "वाकले की ढोसतोय."

चौथ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मास्तरांनी खडू घेतला. "जरा उभी राहा. नुसतं बघतो."

त्यांनी पट्टा बायकोच्या अंगावरच आखला. काखेत जास्त होतं तिथे खूण, कमरेत सैल होतं तिथे टाचणी. चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं, जसं ते बड्या गिऱ्हाइकाला पाहत. मास्तरीणबाई हात बाजूला घेऊन गपचूप उभ्या राहिल्या. एरवी त्या गप्प बसत नसत, हे मास्तरांच्या ध्यानात आलं नाही, कारण ते कामात होते.

रात्रीपर्यंत पट्टा उसवून, बेतून, पुन्हा उभा राहिला. करवती कडा गेल्या, त्या जागी पायपिंग आलं. आत मऊ सुती अस्तर आलं. तो चिकटपट्टीचा खरखराट गेला आणि झाकलेले हूक आले. पाती मास्तरांनी काढली. कॉलरला कडकपणा किती लागतो हे कॉलरला बघून ठरवायचं असतं, कारखान्याला विचारून नाही, असा त्यांचा अनुभव. त्यांनी उत्तम प्रतीचा कॅनव्हास दुहेरी घातला आणि स्वतःशीच म्हणाले, झाला की आधार.

सकाळी बाईंनी तो घातला, आणि सगळ्या बाजूंनी स्वतःला आरशात पाहिलं.

"थोडं मऊ केलं," मास्तर म्हणाले.

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

तो पट्टा राहिलाच नव्हता, जाकीट झालं होतं. लॉन्ड्रीवाल्या वहिनींनी ते पाहिलं आणि आपल्यालाही एक शिवून द्या म्हणून मागे लागल्या.

"तुमच्या पाठीला काय झालंय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही झालं. व्हायची वाट बघू का?"

त्या आठवड्यात मास्तर दुकानाच्या दारात जरा जास्तच वेळ उभे राहिले. बायको रस्त्यावरून चालून यायची, लोक वळून बघायचे, आणि मास्तर कुणाचंच लक्ष नसल्यासारखं आभाळाकडे बघायचे. पात्यांना त्यांनी कामाला लावलं होतं. कापड बेतताना ते उडू नये म्हणून वजनाला ती झकास होती.

आणि मास्तरीणबाई पुन्हा काजांना बसल्या. आधी दोनच, हाताची सवय मोडू नये म्हणून. मग एका शर्टाची. मग, "तुमचं हे जाकीट इतकं मऊ आहे, बसल्याचं कळतच नाही," असं म्हणत दुपारभर. दुपारी कळायचं नाही ते संध्याकाळी कळायचं. दिवेलागणीला त्या फळीला धरून उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि एक गोळी घ्यायच्या. मास्तर विचारायचे, "दुखतंय?" त्या म्हणायच्या, "बसून बसून आंबलंय." मास्तरांना हे उत्तर पटत नसे, पण सोयीचं असे. सोयीचं उत्तर माणूस फार उसवून बघत नाही.

महिना झाला. फोटोसाठी शालीखालचं जाकीट काढावं लागलं, लेक पैसे भरत होती तेवढ्यात बाईंनी ते घडी घालून तिच्या पिशवीत सारलं. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले. नव्यात तो मणका आणखी खाली आला होता. आता तर मास्तरांनाही दिसलं.

"पट्टा रोज घालता ना?"

"झोपताना सोडला तर काढत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि यात खोटं काही नव्हतं.

"आणि कळ?"

"संध्याकाळी असते." मग तोच सपाट आवाज. "वाढलीय."

डॉक्टरांनी फोटोवर बोट टेकवलं. "मग पट्ट्याने भागलं नाही असं धरायला हवं. सिमेंटचं ठरवू या का? पुढच्या आठवड्यात करता येईल, त्याआधी रक्ताच्या तपासण्या करून घ्या."

मास्तर लेकीच्या पिशवीकडे बघत होते. पिशवीच्या तोंडातून पायपिंगची एक कड बाहेर आली होती. आपणच शिवलेली, अंगठ्याने दाबून दाबून बसवलेली. एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर डॉक्टर, बाजूला लेक, आणि लेकीने स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, हात लावायचा नाही. मास्तरांनी घसा साफ केला. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पंखा जरा कमी करता का?" ते म्हणाले.

घरी आल्यापासून मास्तरीणबाईंनी निरवानिरव सुरू केली. खुर्चीत बसून त्या एकेक सांगायच्या आणि मास्तरांनी ऐकायचं. हिवाळी कपडे वरच्या पेटीत आहेत. विजेच्या बिलाचं तुमच्या ध्यानात राहणार नाही, लेकीला विचारा. गॅसचं बटण आधी डावीकडे दाबावं लागतं. वहिनींना जाकीट शिवलंत तर कमरेत सैल ठेवा, त्या माप देताना पोट आत घेतात.

"एका दिवसाचं काम आहे गं. दुसऱ्या दिवशी घरी येशील."

"येईन की. मी कुठे नाही म्हणतेय? सुई कुठे चालली आहे हे मला दिसणार नाही, तेवढंच. बाकी काही नाही."

आणि जरा थांबून, "दोऱ्याची रिळं मी रंगाप्रमाणे लावलीयत, मोडू नका."

मास्तरांचं कामात लक्ष लागेना. त्यांनी एका कोटाची डावी बाही उजवीकडे जोडली. असलं त्यांच्या हातून शिकाऊपणीही झालं नव्हतं. बाही उसवता उसवता त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. कापडाच्या चार कोपऱ्यांवर चार पाती निवांत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ते "बटणं आणायला जातो" म्हणून निघाले. बाई आंघोळीला गेल्या होत्या. जाकीट खुर्चीच्या पाठीवर होतं, ते त्यांनी पिशवीत टाकलं, आणि पाती कोटाच्या आतल्या खिशात.

दवाखान्यात ते नंबर लावून बसले. आपली पाळी आली की आधी काय बोलायचं हे त्यांनी तीन प्रकारे बेतलं, आणि आत गेल्यावर तिन्ही विसरून सरळ जाकीट टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी ते उचललं. बोटाने शिवण चाचपली, अस्तर पाहिलं, हूक लावून पाहिले. "सुंदर आहे. कुणाचं?"

"पट्टा आहे," मास्तर म्हणाले. "तुमचा."

डॉक्टरांनी जाकीट दोन्ही हातांत धरून मध्ये दुमडलं. ते रुमालासारखं दुमडलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिशातून पाती काढून एकेक टेबलावर मांडली. 

"ती टोचत होती," मास्तर म्हणाले. "कॅनव्हास घातलाय. दुहेरी."

"मास्तर, कोटाची कॉलर कशासाठी कडक करता तुम्ही?"

"मान वळली की बरोबर वळावी, पडू नये म्हणून."

"हा वळू नये म्हणून असतो."

मास्तरांनी एक पातं उचलून बोटांत फिरवलं.

"पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो, आणि तीच कड मोडलीय. पातं बरगडीला लागतं, माणूस निमूट सरळ होतो. घरच्यांनी ओरडून जे होत नाही ते पातं करतं. म्हणजे टोचतं हा काही त्याचा दोष नाही, नोकरी आहे ती त्याची." मग त्यांचा सूर जरा बदलला. "पट्टा म्हणजे जादू नाही. काहींना तो नसला तरी चालतं. पण तुमच्या घरी वाकायचं काम आहे असं दिसतंय. त्या शिवायला बसतात?"

"काजं करतात."

"किती वेळ?"

"दुपारभर," मास्तर म्हणाले. आणि मग, खालच्या आवाजात, "जाकीट मऊ आहे म्हणून."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही, एवढं त्यांचं शिक्षण चांगलं झालं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पट्ट्याने भागलं नाही असं नाही. पट्टा लावलाच गेला नाही."

"मग ते सिमेंट रद्द करता का?"

"मी कशी रद्द करू? पाठ त्यांची आहे. आणखी काही आठवडे नीट पट्टा लावून बघता येईल, किंवा ठरल्याप्रमाणे सिमेंट भरता येईल. आजही त्यांना सिमेंटच हवं असेल तर त्यात चूक नाही. दोन्ही मी त्यांना समजावून सांगेन. पण काय घडलं हे माहीत नसताना त्या ठरवणार कशा? ते तुम्ही सांगा. आजच."

मास्तर परतले तेव्हा बाई खुर्चीत होत्या, अंगावर शाल. जाकीट नव्हतं म्हणून जरा अवघडून बसलेल्या.

"बटणं मिळाली?"

"नाही." मास्तरांनी पिशवी टेबलावर ठेवली, शेजारी पाती ठेवली. उभ्यानेच, कोट न काढता, त्यांनी सगळं सांगितलं. जे गिऱ्हाइकाला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं ते शेवटी म्हणाले, "माझ्याकडून बिघडलं गं."

मास्तरीणबाईंनी एक पातं उचललं, बोटाने त्याची धार पाहिली आणि खाली ठेवलं.

"हे तुम्ही मला सांगताय? कॉलरीत कॅनव्हास एकेरी आहे की दुहेरी हे मी अंधारात हात लावून सांगते. माझ्याच पाठीला काय लागतंय आणि काय लागत नाहीये, ते मला कळणार नाही?"

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मास्तर खुर्ची शोधून बसले. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लग्न झाल्यापासून, उरल्यासुरल्या तुकड्यांचं सोडलं तर, माझ्यासाठी काय शिवलंत आजवर? 'सीझन संपू दे, मग तुझं बघतो.' सीझन कधी संपला? आणि त्या दिवशी चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होतात. म्हटलं असू दे. दोन पाती गेली तर गेली."

"चार."

"चार. आणि मलाही काजं करायची होती. सगळी चूक तुमच्याच नावावर नका मांडू, थोडी माझ्याही नावावर टाका."

मास्तरांनी थोडा वेळ हिशेब केला. मग त्यांच्या मनात आलं ते अखेर विचारलं. "पण त्या खोलीत? डॉक्टर सुईचं बोलत होत्या. तेव्हाही गप्प बसलीस."

"लेकीसमोर तुमचं काय उरलं असतं? म्हटलं घरी जाऊन बोलतील. घरीही बोलेनात. मग मी आपली गॅसचं बटण, विजेचं बिल, दोऱ्याची रिळं..."

"म्हणजे ते सगळं मला ऐकवायला होतं?"

"नाहीतर काय? गॅसचं बटण डावीकडे दाबतात हे तुम्हाला वीस वर्षं ठाऊक आहे. आज बोलला नसतात तर परवा मीच सांगणार होते डॉक्टरांना. पाठीत सुई जाईपर्यंत गप्प बसण्याइतकं काही माझं तुमच्यावर प्रेम नाही."

डॉक्टरांनी फोनवर दोन्ही मार्ग पुन्हा समजावून सांगितले. बाईंनी नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि पट्ट्याला आणखी एक संधी दिली. लेकीला फक्त एवढं कळवण्यात आलं की सिमेंट पुढे ढकललंय. तिने संशयाने विचारलं, का? आई म्हणाली, "बाबांनी पट्ट्यात थोडी दुरुस्ती केलीय." यातही खोटं काही नव्हतं.

पण ती दुरुस्ती मास्तरांच्या जिवावर आली. पाती बसवायची, आणि ती लागतील अशी बसवायची. जन्मभर जे लपवलं ते आता उघड करायचं. पहिल्या ट्रायलला त्यांचा हात आपोआप पात्याच्या टोकावर कापसाची घडी ठेवायला गेला, आणि बाईंनी ती उचलून बाजूला ठेवली. "आता वाकून बघते," त्या म्हणाल्या, किंचित पुढे झाल्या आणि तोंड वाकडं करून सरळ झाल्या. "लागतंय. छान लागतंय." मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच अशी तक्रार ऐकून दोरा तोडला.

पुढचे आठवडे काजं मास्तरांनी केली. बाजारातला नावाजलेला शिंपी, पण त्याच्या हातचं एकेक काज म्हणजे डोळे आलेलं बाळ. मास्तरीणबाईंना वाकता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक काज त्यांच्या डोळ्यांसमोर उचलून धरावं लागे. त्या ताठ बसून बघत, जसा न्यायाधीश साक्षीदाराकडे बघतो.

"हे काय आहे?"

"काज."

"बटणाला विचारलंत का?"

एक गिऱ्हाईक कोट नेताना बाह्या निरखून म्हणालं, "मास्तर, हल्ली काजं बाहेरून करून घेता वाटतं." मास्तरांनी 'हो' म्हणून टाकलं.

सकाळ-संध्याकाळ बाई गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायच्या. लॉन्ड्रीवाल्या वहिनी सोबत जायच्या. जाकिटाची त्यांची हौस पाती पाहिल्यावर फिटली होती. संध्याकाळची गोळी आधी अर्धी झाली, मग काही दिवस विसरली गेली, आणि ती विसरली गेली हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

तिसरा फोटो निघाला. डॉक्टरांनी तो मागच्या फोटोशेजारी लावला आणि पट्टीने मोजलं. मास्तर पंख्याकडे बघत होते.

"तिथेच आहे. आणखी बसला नाही. हाड धरतंय." डॉक्टर बाईंकडे वळल्या. "सिमेंटची गरज मला तरी दिसत नाही."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "बरं." आवाज सपाट नव्हता, शेवटी जरा हलला. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांनी रुमाल काढून चष्मा पुसला, जो त्यांनी आत येतानाच पुसला होता.

"पण एवढ्यावर सोडायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मणका जुळला तरी हाडं ठिसूळ ती ठिसूळच. औषध केलं नाही तर याच्या शेजारचा जाईल." आठवड्यातून एकदा गोळी, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास ना आडवं व्हायचं, ना चहा घ्यायचा. शिवाय पाठीचे व्यायाम, आणि घरातल्या सटकणाऱ्या पायपोसांना निरोप. जमिनीवरचं काही उचलायचं असेल तर मास्तर.

"ते उचलतात," बाई म्हणाल्या. "सांगितलं की."

पट्टा हळूहळू सुटणार होता. घरी आल्यावर मास्तरांनी दुकानाचं दार अर्धं लोटलं, वरच्या फळीवरून एक नवा, न उलगडलेला ताका काढला आणि टेबलावर पसरला. सीझन ऐन भरात होता. तीन कोट अर्धवट टांगलेले होते.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"उभी राहा. टेप धरू दे."

त्यांनी मानेच्या खालच्या हाडावर टेपचं टोक ठेवलं आणि कमरेपर्यंत सोडलं. बायकोचं माप त्यांना पाठ होतं असं ते समजत. टेप एकदा वाचला, मग चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"काय झालं?"

"काही नाही."

"आखूड झाले ना मी?"

मास्तर गिऱ्हाइकाला कधी खोटं माप सांगत नसत. या गिऱ्हाइकाला सांगायचा मोह त्यांना चांगलाच झाला, पण गेल्या दोन महिन्यांत त्यांनी बरंच काही शिकून घेतलं होतं.

"थोडी. दोन बोटं."

मास्तरीणबाईंनी ताक्याची कड हातात घेतली, पोत पाहिला, सूत ताणून पाहिलं.

"मग तेवढं कापड वाचलं," त्या म्हणाल्या. "त्यात खिसे बसवा. बाहेरून दोन, आणि आतून एक तुम्हाला न सापडणारा."